शब्दचर्चा: ‘पावडर ऑफ सिंपथी’ मराठीत कशी आणावी?

प्रश्न: केनेल्म डिग्बी (१६०३–१६६५) या इंग्रज दरबारी माणसावर लेख लिहिते आहे. बाप गनपावडर कटात (राजासकट पार्लमेंट सुरुंगाने उडवायचा कट) १६०६ साली फासावर गेला, तेव्हा पोर तीन वर्षांचंही नव्हतं. पुढे हाच मुलगा राजाच्या मर्जीतला झाला, राणी हेन्रिएटा मारियाचा चान्सलर झाला आणि रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेच्या पहिल्या सभासदांत बसला. जखमेला न लावता दुरूनच ती बरी करते म्हणून गाजलेली त्याची ‘पावडर ऑफ सिंपथी’ प्रसिद्ध आहे. मी ‘सहानुभूतीची भुकटी’ लिहिलं, पण वाचताना ते दयेचं औषध वाटतं. काय करू?

प्रतिसाद: ‘सहानुभूती’ नकोच. त्या काळी सिंपथी म्हणजे कणव नव्हे, तर दोन वस्तूंमधली आतली ओढ. डिग्बीने फ्रान्समधल्या माँपेलिएला सांगितलेला, १६५८ मध्ये फ्रेंचमध्ये छापून आलेला प्रसंगच बघा. दोन मित्रांचं द्वंद्व सोडवताना जेम्स हॉवेल या इंग्रजी लेखकाचा हात तलवारीने कापला. डिग्बीने जखमेला हात लावला नाही. रक्ताने माखलेली पट्टी मागून घेतली आणि विट्रिऑल (हीच ती पावडर) विरघळवलेल्या पाण्यात बुडवली. हॉवेल खोलीत दुसऱ्याशी बोलत होता. एकदम दचकला, म्हणाला, हातावर गार ओला रुमाल ठेवल्यासारखं वाटतंय! रक्ताचे आणि विट्रिऑलचे कण हवेतून जखमेपर्यंत पोचतात, असं डिग्बीचं म्हणणं. खरं तर मलमं-लेप फेकून जखम नुसती स्वच्छ ठेवायला त्याने सांगितलं होतं, गुण त्या स्वच्छतेचा.

मला सतारीच्या तरफा आठवतात. वरची तार छेडली की खालची, न छेडलेली तार आपसूक बोलते. इंग्रजीत त्या तारांनाही ‘सिंपथेटिक’च म्हणतात. ‘अनुनाद’ सुचवणार होतो, पण तो आवाजापाशी अडकतो. ‘सहवेदनेची भुकटी’ करा. मूळ ग्रीक शब्दाची फोडही ‘सह’ आणि ‘वेदना’ अशीच आहे, शिवाय इथे खरोखरीची कळ आहे.

प्रश्नकर्ती: ‘सहवेदना’ पटलं! विट्रिऑलचं काय? मोरचूद चालेल?

प्रतिसाद: जपून. मोरचूद तांब्याचं, निळं. हिराकस लोखंडाचं, हिरवट. विट्रिऑलमध्ये दोन्ही येतात. आमच्या द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी (बुरशीवर फवारायचं औषध) मोरचूद प्लास्टिकच्या बादलीतच भिजवतात, कारण लोखंडी बादलीवर तांब्याचा लालसर थर चढतो. भिजलेल्या खड्यांचा तो निळा रंग एकदा पाहिला की हिराकसाशी गल्लत होत नाही. लेखात ‘विट्रिऑल’च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘हिराकस-मोरचूदाच्या जातीचं क्षार’ एवढं जोडा.

आणखी एक. डिग्बीला ‘वैज्ञानिक’ म्हणू नका. खुद्द इंग्रजीतही ‘सायंटिस्ट’ हा शब्द १८३४ मध्ये छापून आला. ‘निसर्गतत्त्वज्ञ’ जड वाटला तरी तोच बरोबर. आत्मा अमर का, हे आणि रोपाचं पोषण कशाने होतं, हे त्याला एकाच शोधाचे भाग वाटत. आणि राणीचा ‘चान्सलर’? संस्थानांतला आपला जुना शब्द आहे की! ‘राणीच्या खासगीचा कारभारी’. होळकरांच्या खासगीबद्दल वाचलेल्याला वेगळं समजवावं लागणार नाही.

प्रश्नकर्ती: ‘खासगीचा कारभारी’ लगेच घेतला. पहिलं वाक्य आता त्यानेच सुरू करते.