किल्लारीच्या पहाटे तुम्ही कुठे होतात? सोलापूरकरांनो, लिहा

परवा घर रंगवायला काढलं तेव्हा आईने भांड्यांची मांडणी भिंतीपासून सोडवायला मला बोलावलं. मांडणी जाड तारेने खिळ्यांना बांधलेली. तारेचा पीळ इतका घट्ट, की पकडीशिवाय सुटेना. "ही कधी बांधली?" विचारलं, तर म्हणाली, "भूकंपानंतर. तुझ्या बाबांनी." त्यावरून हा धागा.

३० सप्टेंबर १९९३, गुरुवार, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्रीच गणपती विसर्जन झालेलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं भुईसपाट झाली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. हे सगळ्यांना पाठ आहे. मला वेगळं हवंय. किल्लारी आपल्यापासून शंभर किलोमीटरच्याही आत. धक्का आपल्यालाही बसला. पण आपण उठून उभे राहिलो, पडलेली भांडी उचलली, चहा ठेवला, आणि तिकडे काय झालंय ते कितीतरी वेळाने कळलं. धक्का बसला तिथपासून कळलं तिथपर्यंतचे तुमचे तास कसे गेले, ते लिहा. नंतर टीव्हीवर पाहिलेलं नको. थोडंच आठवत असेल तर थोडंच लिहा.

आधी माझं सांगतो. अकरा वर्षांचा होतो, बाळीवेशीजवळ वाड्यात राहायचो. लेझीम खेळून पोटऱ्या भरून आल्या होत्या, अंगावरचा गुलालही न धुता ओसरीवर झोपलो. जाग आली ती ताटांच्या आवाजाने. आधी बारीक थरथर, मग एकदम खणखणाट, आणि पितळी घागर गडगडत ओसरीपर्यंत आली. या सगळ्याच्या खालून आणखी एक आवाज येत होता, घराखालून मालगाडी जावी तसा. वरच्या मजल्यावरचं तेलुगू कुटुंब "भूकंपम, भूकंपम" ओरडत जिना उतरलं. आम्हाला काय होतंय ते त्यांच्या ओरडण्यावरून कळलं.

उजाडल्यावर आम्ही पोरं कुणाच्या भिंतीला किती तडे गेले ते मोजत बोळातून फिरत होतो. मोजायला मजा येत होती. दुपारी बाबा वेळेआधीच घरी आले. सायकल भिंतीला न टेकवता तशीच आडवी टाकली आणि आईला म्हणाले, "सास्तूर गेलं." आईची मावशी सास्तूरला दिलेली होती.

साखर पेठ, आता भिवंडीत

वडील रात्रपाळीला होते. आई आणि मी घरी कांड्या भरायचो, तेव्हा मी नववीत. यंत्रमागाच्या आवाजात माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तर जमिनीतला आवाज कुठून येणार? वडील सांगायचे, मागातला धोटा उडून समोरच्या भिंतीवर आपटला, म्हणून त्यांनी माग बंद केला. पाठोपाठ लाईट गेली. बाकीचे माग आपोआप थांबले, आणि सगळे माग थांबले तरी पायाखालचं हालणं थांबलं नाही, तेव्हा कुठे सगळे दाराकडे पळाले. घरी आले ते थेट आमच्या डोक्यावरून हात फिरवत एकेकीचं नाव घेत. आम्ही चार बहिणी. दोनदा मोजलं त्यांनी.

तिकडचं कळलं दुसऱ्या दिवशी. मालकाने एक माग सुरू ठेवायला सांगितला, चादरी लागणार होत्या म्हणून.

होटगी रोड

मला काहीच आठवत नाही, मी तीन दिवसांची होते. आजोबा १९६७ साली नोकरीनिमित्त कराडला होते, कोयनेचा भूकंप त्यांनी अंगावर घेतलेला. पहिल्या थरथरीलाच त्यांनी ओळखलं, बाळंतिणीची खाट चौघांकडून उचलवून आईसकट अंगणात आणली. त्यानंतर पंधरा दिवस मी उघड्यावर वाढले, असं घरात सांगतात.

इंटर्न, सिव्हिल

मी तेव्हा इंटर्नशिप करत होते. धक्क्यानंतर होस्टेलच्या सगळ्या मुली खाली मैदानात. अंगावर शाली, हातात हात. उजाडल्यावर आम्ही वर जाऊन आंघोळी केल्या, ड्युटीवर गेलो. कॅज्युअल्टीत आदल्या रात्रीच्या मिरवणुकीतले दोन-तीन पेशंट, एवढंच.

पहिली जीप उमरग्याच्या रस्त्याने आली. नऊ वाजले असतील. मग टेम्पो, मग ट्रक, मग एसटीच्या गाड्या, आणि नंतर मोजायचं सुटलंच. सगळ्यांचा रंग एक. म्हातारे, पोरं, बाया, सगळे पांढरट राखाडी. माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट लाकडी छतावर, घालतात ती पांढरी माती. नाकात, कानात, दातांच्या फटीत. कुणाला तपासायच्या आधी बोटाला ओलं गॉज गुंडाळून तोंडातली माती काढायची, हे मला त्या दिवशी एका वॉर्डबॉयने शिकवलं. कुठल्या पुस्तकात नव्हतं ते.

आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती. कपाळापासून मागे डोकं फाटलेलं, टाके घालायला केस धुवावे लागणार होते. मी सलाईनची बाटली उलटी धरली. आधी पांढरं पाणी गेलं, मग गुलाबी. रक्त असेल म्हणून मी दाबून धरलं. रक्त नव्हतं, गुलाल होता. आदल्या संध्याकाळचा. माझ्याही नखांच्या कडेला तोच होता, घासूनही गेला नव्हता. तोवर मी हात चालवत होते, तिथे माझे हात थांबले. मोठ्या सिस्टर मागून आल्या, माझं मनगट धरून म्हणाल्या, "नंतर. आत्ता टाके घाल." घातले. मुलगी रडली नाही. नाव विचारलं की गावाचं नाव सांगायची. पुन्हा विचारलं की पुन्हा गावाचंच.

केसपेपरवर आम्ही लिहायचो: अनोळखी, स्त्री, अंदाजे ३०, अमुक गाव. काहींचं नाव संध्याकाळपर्यंत लागलं, काहींचं लागलंच नाही.

रक्तपेढीपुढची रांग मी दुपारी खिडकीतून पाहिली. रात्री लेझीम खेळलेली मंडळांची पोरं त्याच कपड्यांत उभी होती. रात्री प्यायलेल्यांना परत पाठवलं जात होतं. त्यातला एकजण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, रक्तपेढी उघडायच्या आत, येऊन पायरीवर बसला होता. त्याचा चेहरा मला अजून ओळखू येईल.

नवी पेठ

सकाळी पेपर टाकायचो. त्या दिवशी लोक दारातच उभे, पेपर हातातून ओढून घ्यायचे, "काय झालंय बे, कुठं झालंय?" पेपरात काहीच नव्हतं. तो धक्क्याच्या आधीच छापलेला, पानभर मिरवणुकीचे फोटो. लोक पान उलटून उलटून बघायचे. मलाही वाटत होतं की आत कुठेतरी बारीक अक्षरात असेल.

तेरणेकाठचा

गावाचं नाव लिहीत नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला सोलापुरात होस्टेलवर होतो. वडिलांचं कार्ड आलं होतं, गणपतीला ये. चाचणी परीक्षा होती, गेलो नाही.

धक्का थांबल्यावर आम्ही मैदानात बसून हसत होतो, सुटल्याचं हसू. सकाळी दोघं-तिघं चहाला स्टँडवर गेलो. उमरग्याकडून आलेल्या गाडीचा कंडक्टर गाडीच्या पायरीवर बसलेला, गाडीत कुणी नाही. कुणीतरी त्याला विचारत होतं आणि तो बोलत नव्हता. मग त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "तुझं गाव कुठलं?" मी सांगितलं. त्याने हातातला चहाचा ग्लास माझ्या हातात दिला आणि उठून गेला. मला तिथे कळलं.

अणदूर, नळदुर्ग, जळकोट, ट्रकमध्ये उभा राहून गेलो. पुढे चालत. गावात शिरलो ते कळलंच नाही, कारण वेस नव्हती. आमची गल्ली चिंचेच्या झाडावरून ओळखली. आमच्या घराच्या भिंती दोन हात रुंद, दगडाच्या, आजोबांना फार अभिमान. गावाबाहेर कुडाच्या झोपड्यांत राहायची ती माणसं बहुतेक वाचली होती, आणि तीच हातांनी दगड काढत होती. ज्यांना आम्ही ओसरीच्या वर कधी घेतलं नाही, ती. हे लिहिल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही.

वडील रात्री जागलीला शेतात होते म्हणून राहिले. मला बघून ते म्हणाले, "तू कशाला आलास?" दुसरं काही बोलले नाहीत. आई आणि धाकटी बहीण संध्याकाळी सापडल्या. मग पाऊस लागला. कोरडं लाकूड कुठून आणणार? घराच्याच तुळया काढून सरणाला लावल्या.

भवानी पेठ

वरचं वाचून बराच वेळ थांबले. आमच्या चाळीने तिकडे भाकरी पाठवल्या होत्या, एवढंच माझ्याकडे आहे. ताजी भाकरी दोन दिवसांत बुरसते, त्यात पाऊस, म्हणून कडक भाकरीच करायच्या असं ठरलं. ती टिकते, नुसत्या शेंगाचटणीबरोबरही खाता येते. चार दिवस आठ चुली पेटत्या होत्या. अंगठ्याच्या पेराला फोड आले सगळ्यांच्या.

कपडेही गोळा केले. त्यात मी एक विटकी, पदराला विरलेली साडी दिली. चांगली ठेवून घेतली. ज्या बाईला ती मिळाली असेल तिने ती कशी नेसली असेल, हे मनातून जात नाही.

विडी घरकुल, वय ३१

किल्लारीनंतर जन्मलो. माझ्यासाठी ती रात्र म्हणजे २६ नोव्हेंबर २००८. मामा सिद्धेश्वर एक्सप्रेसने येणार होते, ती रात्री साडेदहानंतर सीएसटीहून सुटायची. गोळीबार त्याच्या आधी सुरू झाला. मामा लोकलमध्ये होते, लोकल मशीद स्टेशनला थांबली ती थांबलीच. फोन लागला पहाटे. तोवर आई टीव्हीसमोर पदर तोंडात धरून बसलेली.

मग खाली पट्टीवर नाव आलं, अशोक कामटे. ते सोलापूरचे पोलीस आयुक्त होते, त्याच वर्षी मुंबईला गेले होते. माझे वडील रिक्षा चालवायचे, पोलिसांविषयी कधी चांगलं बोललेले मी ऐकले नव्हते. ते खुर्चीतून उठून उभे राहिले, आणि बराच वेळ उभेच होते. सकाळी आमच्या चौकात टेबलावर कामटे साहेबांचा फोटो होता, त्यापुढे समई. कुणी लावली माहीत नाही. धागा किल्लारीचा आहे, विषय सोडून वाटलं तर काढून टाका.

अक्कलकोट तालुका, सिव्हिल इंजिनीअर

काढू नका, राहू द्या.

आमच्या गावात फक्त तडे गेले. पण मी शिकत होतो, म्हणून वडिलांना समजावायची पाळी माझ्यावर आली. किल्लारीची घरं आणि आमचं घर यांत काही फरक नव्हता. दगड मातीत बसवलेले, भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड वेगवेगळे उभे, मधे भर. दोन्हींना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर लाकडाचं माळवद आणि त्यावर पांढरी माती. दरवर्षी पावसाआधी गळती थांबवायला आणखी पाट्या टाकायच्या, वीतभराचा थर वर्षानुवर्षे हातभर होतो. आणि आमचा सगळा पट्टा तेव्हाच्या नकाशात भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेला म्हणून दाखवलेला. घर बांधताना हा विचार करायला कुणी सांगितलंच नव्हतं.

वडील ऐकेनात. माती काढली तर उन्हाळ्यात घर तापेल, म्हणाले. खरंच होतं ते. शेवटी आई म्हणाली, मी या छताखाली झोपणार नाही. दिवाळीच्या आधी माती उतरवली. अकरा ट्रॉल्या निघाली. ढिगाकडे बघत वडील ओट्यावर बसून होते. "एवढी आपल्या डोक्यावर होती होय?" एवढंच म्हणाले.

जुनी मिल चाळ, आता मुलाकडे पुण्यात

मी कधी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. माझा मुलगा दहा महिन्यांचा होता. घर हालायला लागलं तशी मी उठले आणि पळाले. कडी काढली, तीन पायऱ्या उतरले, चाळीच्या मधल्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिले. हात रिकामे आहेत हे तिथे कळलं. ओरडताही येईना.

सासूबाई मागून आल्या. त्यांचे गुडघे धरलेले, रोज भिंत धरून चालायच्या. त्या रात्री भिंत न धरता आल्या, खांद्यावर बाळ. तोवर सगळी चाळ जमली होती, बायका माझ्याकडे आणि त्यांच्याकडे बघत होत्या. सासूबाईंनी बाळ माझ्या हातात दिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "घे गं, तूच दिलास ना माझ्याकडे मघाशी, आता धर, माझे हात भरले."

मी दिला नव्हता.