हॅम्लेटची आई त्याला ‘दाऊ’ म्हणते, ते ‘तू’ की ‘आपण’?

शिळा_भात (धागाकर्ता)
आमच्या हौशी मंडळासाठी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधला आई-मुलाचा प्रवेश मराठीत करतोय. तिसरा अंक, चौथा प्रवेश. राणी म्हणते, ‘हॅम्लेट, दाऊ हॅस्ट दाय फादर मच ऑफेंडेड.’ मी लिहिलं, ‘हॅम्लेट, आपण आपल्या पिताश्रींना फार दुखावलंत.’ तालमीत हशा पिकला. एकीचं म्हणणं, दाऊ (thou) म्हणजे साधं तू. मला पटत नाही. जुन्या इंग्रजी प्रार्थनांत देवाला दाऊ म्हणतात. देवाशी कोणी असं साधं बोलतं का? माझ्या मते दाऊ आदरार्थी आणि यू रोजचं. विरोध करा, पण पुराव्यानिशी.

खडूस_मास्तर
देवाशी कोणी साधं बोलतं का? अहो, आषाढीला तुम्ही काय म्हणता, ‘विठ्ठल महोदय, आपण दर्शन द्यावे’?

आता पुरावा. जुन्या इंग्रजीत एकाला ‘थू’, अनेकांना ‘ये’. मानापमानाचा संबंधच नव्हता, राजालाही थूच. (दोघांसाठी ‘यित्’ असं वेगळं द्विवचनही होतं, संस्कृतवाल्यांनी खूश व्हावं.) १०६६ नंतर फ्रेंच बोलणारे नॉर्मन राज्यकर्ते आले. फ्रेंचमध्ये एकट्या मोठ्या माणसालाही अनेकवचन लावतात. तीच रीत १३व्या-१४व्या शतकात इंग्रजीत मुरली आणि थूचं दाऊ झालं ते धाकट्यांसाठी, नोकरांसाठी किंवा अगदी जवळच्यांसाठी.

१६०३ साली विंचेस्टरला सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी वकील एडवर्ड कोक भर कोर्टात ओरडला, ‘आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर!’ इथे दाऊ चक्क क्रियापद आहे. मराठीत सांगायचं तर, ‘मी तुला अरे-तुरेच करणार, गद्दारा!’ आदरार्थी म्हणे.

शिळा_भात
रॅलेचं मान्य. पण किंग जेम्स बायबल हा इंग्रजी अनुवाद १६११चा, म्हणजे त्याच काळातलं. मग देवाला शिवी दिल्यासारखा शब्द का वापरला?

नगरची_मी
आमच्या घरी मराठी बायबल रोज वाचतात. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हटलं की पुढे ‘तुझे नाव’च येतं आणि कोणाला खटकत नाही.

पण मास्तर, तुमचा तर्क बायबलला लागू नाही. तिथे दाऊ देवालाही आहे आणि सैतानालाही: ‘गेट दी बिहाइंड मी, सेटन.’ ना आदर, ना जवळीक, ना तुच्छता. मूळ हिब्रू-ग्रीकमध्ये एकवचन असेल तिथे दाऊ-दी (तू-तुला), अनेकवचन असेल तिथे यी-यू (तुम्ही-तुम्हांला), इतकंच. योहान ३:७ बघा. येशू निकोदेमाला म्हणतो, मी ‘दी’ला सांगितलं की ‘यी’ला नव्याने जन्मलं पाहिजे. बोलतोय एकाशी, पण अट सगळ्यांना. आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे यू येतो आणि हा फरक पुसला जातो. मराठीत तुला-तुम्हांला असल्यामुळे तो आपसूक टिकतो.

रंगपट
मी धागाकर्त्याच्या बाजूने. शब्दाचा अर्थ पणजोबांच्या कपाटात नसतो, ऐकणाऱ्याच्या कानात असतो. ‘सिली’चा (वेडगळ) पूर्वज एके काळी ‘धन्य’ होता, ‘डिअर’ (हरीण) म्हणजे कुठलंही जनावर होतं. आज तसं कोणी समजतं का? आजच्या इंग्रजालाही दाऊ ऐकलं की देऊळ-दरबारच आठवतो. मग तोच भारदस्तपणा मराठीत आणला तर बिघडलं कुठे?

खडूस_मास्तर
बिघडलं असं की तुम्ही आजच्या कानाने १६००च्या आसपासचं नाटक ऐकताय. आज कोणी कवितेत दाऊ लिहिलं तर खुशाल ‘आपण’ करा. जुन्या मजकुरात सिली ‘धन्य’ या अर्थाने आला तर तिथे ‘वेडगळ’ लिहाल का? आणि सगळ्या इंग्रजांना देऊळ आठवतं हेही खोटं. उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या गावांत दाऊचाच ‘दा’ विसाव्या शतकातही मित्रांत चालायचा, अगदी आपल्या ‘काय रे’सारखा.

क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या जॉर्ज फॉक्सचंही बघा. १७व्या शतकात त्याने गरीब-श्रीमंत सगळ्यांना दाऊ-दी करायचं ठरवलं, वर न्यायाधीशापुढे टोपी काढायची नाही. एका माणसाला अनेकवचन लावणं चूक, हे पटवायला त्याने आणि सोबत्यांनी १६६०मध्ये जाडजूड पुस्तक काढलं. लोक भडकायचे ते एकेरीवर आल्याबद्दल. दाऊ आदरार्थी असता तर खूश झाले असते.

भटक्या_७१
विषयांतर. इंग्लंडात पाट्यांवर ‘यी ओल्ड’ दिसतं, ते हेच यी का?

नगरची_मी
नाही, ते ‘द’ आहे. ‘थ’साठी थॉर्न नावाचं अक्षर होतं, हस्तलिखितांत ते वायसारखं दिसायला लागलं.

धाकटी_सून
सगळे एकाच वाक्यावर भांडताय. पुढची दोन वाचा ना! मुलगा उत्तर देतो, ‘मदर, यू हॅव माय फादर मच ऑफेंडेड.’ आई दाऊ, मुलगा यू. आपल्याकडे उलट, आईला आपण हक्काने तू म्हणतो. त्यामुळे त्याला ‘आई, तू’ बोलायला लावलंत तर त्याचा थंडपणा गेलाच.

आणि लगेच राणीसुद्धा यूवर येते: ‘यू आन्सर विथ अन आयडल टंग.’ एका ओळीपूर्वी दाऊ होता! माझी आई भडकली की ‘या साहेब, ताट वाढू का आपल्याला?’ म्हणते. तेव्हा घरात कोणी हलत नाही.

शिळा_भात
हे लक्षातच आलं नव्हतं. आता असं:
राणी: हॅम्लेट, तू तुझ्या वडिलांना फार दुखावलंस.
हॅम्लेट: आईसाहेब, तुम्ही माझ्या वडिलांना फार दुखावलंत.
राणी: वा, काय पण उत्तर देताय!

रंगपट
आईसाहेब? प्रेक्षक भवानी तलवार शोधतील.

शिळा_भात
शोधू देत. ‘आई, तुम्ही’ लिहिलं तर सासू वाटते.

धाकटी_सून
हे मात्र खरं.