प्रतिसाद: ‘रस्ता का खचला?’ या अर्जाला उत्तर का आलं नाही

नवी मुंबईतल्या कोपरखैरणेचा रस्ता खचला, म्हणून माहिती अधिकारात ‘रस्ता का खचला?’ असा अर्ज केला, पण उत्तर आलं नाही, असं वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय. त्यात अर्जातला प्रश्नच अडचणीचा आहे. माहिती अधिकार कायदा 2005 नुसार दप्तरी असलेली माहिती मिळते, ‘का?’चा खुलासा द्यायला अधिकारी बांधील नाही. त्याऐवजी कार्यादेश (कंत्राटदाराला काम सुरू करण्याचा आदेश), मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही), अदा केलेली बिलं आणि दोषदायित्व कालावधीची (काम बिघडलं तर कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायच्या मुदतीची) अट असलेलं करारपत्र यांच्या प्रती मागा. रस्त्याचं नाव, कुठून कुठपर्यंत आणि कोणतं वर्ष हेही लिहा, नाहीतर ‘माहिती मोघम’ म्हणून अर्ज परत येतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. माहिती कशासाठी हवी याचं कारण सांगायची गरज नाही, तरी लोक पानभर गाऱ्हाणं लिहितात!

रस्ता महापालिकेचा की सिडकोचा (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचा) हे कळत नसेल तरी अडू नका. कलम 6(3) प्रमाणे अर्ज 5 दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांचं काम. 30 दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील (त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे दाद) करा, 20 रुपयांचा स्टॅम्प लावून. मुदत उलटल्यावर दिलेल्या प्रतींचे पैसे घेता येत नाहीत, म्हणून पोचपावतीवर तारखेचा शिक्का घ्याच.