सोसायटी ग्रुप: बी विंगचा जिना आणि मॉन्टेसरी किट

सेक्रेटरी: बी विंग दुसऱ्या मजल्यावर भिंतीवर परत खडूच्या रेघोट्या आहेत. रंग देऊन ३ महिने पण झाले नाहीत. पालकांनी लक्ष द्यावे.

बी-२०३: सॉरी काका आमचंच कार्टं आहे ते. ३ वर्षांचा झालाय, घरात टिकतच नाही. त्यावरूनच विचारायचं होतं, कुणी मॉन्टेसरी किट घेतलंय का? ऑनलाइन ९ हजाराला दिसतंय, लाकडी आहे, बटण दाबलं की एबीसीडी म्हणतं, लाइट लागते

ए-५०१: ९ हजार??? आपण डबे आणि झाकणं वाजवून मोठे झालो

सी-१०२ काकू: थांब गं घेऊ नकोस. मी २६ वर्षं बालवाडीत काढलीत म्हणून सांगते, बटण दाबल्यावर बोलतं ते मॉन्टेसरी नव्हे. मॉन्टेसरी पद्धतीत पोर स्वतःच्या हाताने करून शिकतं, या किटमधे खेळणं काम करतं आणि पोर नुसतं बघत बसतं. हे नाव काही कुणाच्या मालकीचं नाही, त्यामुळे जो तो खोक्यावर छापतो. खरं साहित्य कसं असतं सांगू, गुलाबी मनोरा म्हणून आहे, १० ठोकळे, सगळ्यात छोटा १ सेंमीचा आणि मोठा १० चा, पण रंग सगळ्यांना एकच, म्हणजे मुलाचं लक्ष फक्त लहान-मोठं याच्यावर राहतं. आणि चुकलं तर मनोऱ्याकडे बघूनच त्याला कळतं, आपण "अरे असं नाही" म्हणत मधे पडायला नको

बी-२०३: मग तो मनोरा घेऊ का?

सी-१०२ काकू: कशाला. ओट्याशी न डुगडुगणारा पाट ठेव. छोटा तांब्या आणि दोन फुलपात्रं ताटात ठेवून दे, आधी तांदूळ ओतू दे मग पाणी. सांडलं तर फडकं त्याला हाताला लागेल असं टांगून ठेव

ए-५०१: काकू आम्ही पोरीला मटार सोलायला दिले होते. निम्मे तोंडात निम्मे सोफ्याखाली. शेवटी मोबाईल दिला हातात

सी-१०२ काकू: किती दिले होतेस?

ए-५०१: किलोभर

सी-१०२ काकू: अरे देवा. ५ शेंगा द्यायच्या रे, एक वाटी, आणि सतरंजीचा तुकडा, तेवढीच तिची जागा. आणि आधी आपण एकदा हळू करून दाखवायचं, न बोलता, कारण हात आणि तोंड एकदम चालू केलं की पोरं तोंडाकडे बघतात

डी-३०४: आणि ३ च्या खालचं असेल तर कडधान्य मणी वगैरे अजिबात नको, आमच्या धाकट्याने नाकात हरभरा घातला, रात्री ११ ला डॉक्टर शोधत फिरलो

बी-२०३: आणि अक्षरं? ॲडमिशनला विचारतात हो

सी-१०२ काकू: पॉलिश पेपर आण हार्डवेअरमधून, अक्षर कापून पुठ्ठ्यावर चिकटव, आपण लिहितो त्याच वळणाने दोन बोटं फिरवू दे आणि तोंडाने आवाज म्हणू दे. मराठीत बरं असतं, म ला म च म्हणतो, इंग्रजीत पण आधी एम नाही शिकवायचं, आवाजच शिकवायचा. पण तो स्वतःहून मागेल तेव्हा हं, मागे लागू नकोस

ए-५०१: परदेशी फॅडच ना पण हे शेवटी

सी-१०२ काकू: ही पद्धत काढणाऱ्या मारिया मॉन्टेसरी बाई इटलीच्या, पण १९३९ ला मद्रासला आल्या शिक्षकांना शिकवायला, आणि पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरली तशी इंग्रजांनी शत्रूदेशाच्या म्हणून अडकवल्या, १९४६ पर्यंत इथेच होत्या. आणि त्याच्या कितीतरी आधी गिजुभाई बधेकांनी गुजरातेत भावनगरला याच पद्धतीचं बालमंदिर काढलं होतं, ताराबाई मोडकांनी तिथेच काम करून पुढे आपल्याकडे पालघरमधल्या बोर्डी आणि कोसबाडला बालवाड्या चालवल्या, सोबत अनुताई वाघ. बिया, शंखशिंपले, पानं, हेच साहित्य. ९ हजार कुठून आणणार होत्या

सेक्रेटरी: ही चर्चा पालकांनी वेगळ्या ग्रुपवर करावी. विषय जिन्याचा आहे.

सी-१०२ काकू: साहेब मी जिन्यावरच येतेय. बाईंची पहिली शाळा १९०७ ला रोममधे सॅन लोरेंझो भागात निघाली ती एका भाडेकरूंच्या बिल्डिंगमधेच. आईबाप कामावर, पोरं दिवसभर जिन्यात, भिंतींची वाट. मालक मंडळींनी हिशोब केला की सारखी डागडुजी करण्यापेक्षा या पोरांना एका खोलीत कुणीतरी सांभाळावं, आणि बाईंना बोलावलं

डी-३०४: म्हणजे जिना रंगवायची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे काका

बी-२०३: काका रविवारी आम्ही पुसतो जिना. म्हणजे तोच पुसेल. छोटी बादली मिळेल का?

सी-१०२ काकू: फडकं त्याच्या मुठीत मावेल एवढंच कापून दे आणि आधी पिळायला शिकव नाहीतर पाणी खाली माझ्या दारात. आणि राहिलेलं तू परत पुसत बसू नकोस, त्याच्यासमोर तर नाहीच

ए-५०१: आमची पण येईल. खडू घेऊन येईल बहुतेक

सेक्रेटरी: बादली वॉचमनकडे आहे. रविवारी पाणी १० ला जाईल, त्याआधी उरका. आणि ए विंग पाचव्या मजल्यावर लिफ्टच्या बाहेर पण रेघा आहेत, मी फोटो टाकला नव्हता.