गच्चीवरच्या गरम पाण्याच्या पाइपला कोणतं इन्सुलेशन टिकेल?

ऑरेंजसिटीकर:
मनीषनगरच्या आमच्या सोसायटीत गच्चीवर सामायिक सोलर आहे. टाकीत चटका बसेल इतकं पाणी, अन् तळमजल्याच्या नळाला पहाटे कोमट. पाइपवरचं काळं रबर वरच्या अंगाने तडकलंय, बोटाने चोळलं की भुगा पडतो. एका काकांचं म्हणणं, कोपनहेगनमध्ये शहरभर गरम पाणी नेतात तसे कारखान्यातच फोम भरलेले पाइप घ्या, तीस वर्षं बघायला नको. घ्यावेत का?

बॉयलरवाला:
तीस वर्षं खरी, पण ती जमिनीत गाडलेल्या पाइपची. युरोपच्या ईएन 253 मानकाचे पाइप ते. आत पोलाद, मध्ये पॉलियुरेथेन फोम, वर एचडीपीईचं, म्हणजे टणक प्लास्टिकचं कवच, तिन्ही एकमेकांना घट्ट चिकटलेले. सतत 120 अंशांवर चालून किमान 30 वर्षं, असा हिशोब असतो. इतक्या उष्णतेत प्राणवायू फोमला हळूहळू ठिसूळ करतो, पोलादाशी असलेली पकड सुटते. शिवाय फोमच्या पेशींतला वायू बाहेर झिरपतो, हवा आत येते अन् उष्णता जास्त निसटू लागते.

तुमचं पाणी 60-70 अंशांचं. एवढ्यात फोम लवकर म्हातारा होत नाही. तुमचे वैरी म्हणजे मे महिन्यातलं ऊन अन् त्यामागून येणारा पाऊस. त्यात गच्चीवर दर दोन पावलांवर एल्बो नाहीतर टी, म्हणजे जोडच जोड. या पाइपांतही पाणी शिरतं ते बहुतेक जोडातूनच. काकांना माझा नमस्कार सांगा, पण एवढा खर्च करू नका.

सावजीप्रेमी:
आधी एल्बोजवळचं रबर कापून दाबून बघा. आमच्याकडे पाण्याची धार लागली होती, आतला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गंजून पापुद्रे सुटलेले. ओल्या इन्सुलेशनवर नवं चढवू नका, भाऊ. पाणी कोरड्या रबर फोमपेक्षा पंधरापट उष्णता वाहून नेतं.

ऑरेंजसिटीकर:
मग नवीन काय लावू? नुसता पांढरा रंग मारला तर?

बॉयलरवाला:
रंग दोन उन्हाळ्यांत सोलतो. नायट्राइल रबरच घ्या, 25 मिमी जाडीचं, पण वरून ॲल्युमिनियमचा पत्रा हवाच. पत्र्याची जोडरेघ पाइपच्या खालच्या अंगाला येऊ द्या, नाहीतर पाऊस सरळ आत. क्लॅम्प पाइपवर न आवळता पत्र्यावरून घ्या, अन् त्याखाली कडक फोमचा ठोकळा ठेवा, म्हणजे रबर दबणार नाही.

ऑरेंजसिटीकर:
रविवारी कापून बघतो. हे काम नीट करणारं कोणी?

सावजीप्रेमी:
कळमन्याकडे कोल्ड स्टोरेजचं लॅगिंग, म्हणजे पाइपवर इन्सुलेशन चढवायचं काम करणाऱ्यांना विचारा. प्लंबरकडून करून घेऊ नका. अन् एल्बोवरचा पत्रा आधी लावून दाखवा म्हणा, बाकीचे पैसे त्यानंतर.