किचनचे फक्त शटर बदलू की ट्रॉल्या सगळ्या नव्याने करू?

आम्ही जुळे सोलापूरला राहतो, किचनला १४ वर्षं झाली. सिंकखालचं शटर खालून फुगलंय, सनमायका सुटलाय, बाकीचे दिसायला जुने पण ठीक आहेत. सुतार म्हणतो सगळं काढा, मिस्टर म्हणतात नुसते शटर बदलू, मला काहीच कळेना. पाणी रोज येत नाही म्हणून ओट्याखाली पिंपं भरलेली असतात, ओल कायम. काय करू?

उत्तर १
ताई, आधी सगळं रिकामं करून आतून बघा. स्क्रूड्रायव्हर घेऊन सिंकखालच्या फळीत तळाशी टोचा, सहज आत गेला आणि ओला भुगा निघाला तर पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) संपलाय, त्यावर नवीन शटर लावून उपयोग नाही, बिजागरीचे स्क्रू धरणारच नाहीत. टणक लागलं तर शटरच बदला, बरेच पैसे वाचतील.

उत्तर २
ओटा कडप्प्याच्या उभ्या फरशांवर आहे का? आमच्याकडे होता, मग लाकडी बॉक्सची गरजच पडली नाही, फ्रेम, शटर आणि स्टीलच्या ट्रॉल्या बसवल्या, ग्रॅनाइटला हातसुद्धा लावला नाही.

उत्तर ३
सिंकचा खण तेवढा ७१० मार्कच्या (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायमध्ये करा, कडांना एजबँड (कडा झाकणारी पट्टी) चारही बाजूंनी, खालच्या कडेलाही, तिथूनच पाणी शिरतं. आणि आधी सिंकच्या पाइपची गळती बघा हो, ती राहिली तर नवीन पण फुगणार.

प्रश्नकर्ती
आत्ताच टोचून बघितलं, सिंकचा खणच भुसभुशीत आहे, बाकी टणक. ओटा कडप्प्यावरच आहे! उद्या आधी प्लंबर बोलावते.