चलनी नाण्यांचा संग्रह "पूर्ण" कधी म्हणायचा?

हरभट_रोड_सांगली:
नमस्कार मंडळी. माझं किराणा दुकान आहे. गल्ल्यातल्या चिल्लरीतून बरीच वर्षं नाणी बाजूला काढतोय. दोन रुपयांचं पान जवळजवळ भरलं: 1982 चा मोठा गोल, मग अकरा बाजूंचा नकाशावाला, स्टीलचा क्रॉसवाला, दोन बोटांचा, रुपयाच्या नव्या चिन्हाचा आणि 2019 च्या मालिकेतला. 1999 चा छत्रपती शिवाजी महाराजांचा दोन रुपया तर वेगळ्या पाकिटात जपून ठेवलाय.

आता अडलंय. सुरुवात 1950 पासून धरायची की 1957 पासून? प्रत्येक वर्षाचं, प्रत्येक टांकसाळीचं नाणं हवं का? आणि टांकसाळ डबीत घालून विकते ती 100, 150, 1000 रुपयांची नाणी नसतील तर संग्रह अपुरा का? एका प्रदर्शनात विक्रेत्यानं तसं तोंडावर सांगितलं, ते मनाला फार लागलंय.

मिरज_जंक्शन:
दादा, 1950 च धरा. प्रजासत्ताकाची नाणी तिथनंच सुरू होतात. अशोकस्तंभाचे सिंह आले, आण्यावर बैल आणि पैशावर घोडा आला. 1 एप्रिल 1957 ला हिशोब बदलला, सोळा आण्यांचे शंभर नये पैसे झाले, पण राज्य तेच होतं. आणे वगळले तर पहिलंच पान कोरं राहील.

घड्याळवाले_सातारा:
विक्रेत्याचं मनावर घेऊ नका. जे नाणं कधी कुणाला सुट्टे म्हणून मिळालंच नाही, ते चलनी संग्रहात नसलं तर काय बिघडलं? डबीतली नाणी सुरेख असतात, हौस असेल तर घ्या, पण त्यांचा अल्बम वेगळा करा. तुमचा शिवाजी महाराजांचा दोन रुपया मात्र चलनात फिरलेला आहे, त्याची जागा याच संग्रहात.

आधी प्रकार पुरे करा, टांकसाळी नंतर. वर्षाच्या आकड्याखाली टांकसाळीची खूण असते, ती भिंग लावून बघा. पत्त्यांतल्यासारखी चौकट म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. झिजलेल्या नाण्यावर चौकटीचे कोपरे जातात आणि ती ठिपक्यासारखी दिसायला लागते. आणखी झिजली की कोलकात्याचं म्हणून खपून जाते. म्हणून खूण नसलेलं नाणं घेताना आकड्यांच्या कडा अजून धारदार आहेत का ते बघायचं. आणि चिंच-मीठ लावून घासू नका हो, खुणा त्यानंच जातात.

नोएडाची टांकसाळ 1988 ची, त्याआधीचे कप्पे तिच्यासाठी सोडू नका. जे पाडलंच नाही त्याची रिकामी जागा कशाला? उलट 1985 साली रुपये बाहेरूनही पाडून आणले होते. बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा, एच अक्षराचा रुपया तुमच्याकडे आहे का?

हरभट_रोड_सांगली:
काका, मनावरचं ओझं उतरलं. ठरलं मग: 1950 पासून आजपर्यंत, चलनात आलेला प्रत्येक प्रकार. चारही टांकसाळी फक्त एक रुपयाच्या, कारण दुकानात तोच सगळ्यात जास्त येतो. एचचा नाही माझ्याकडे. कुणाकडे जादा असेल तर सांगा, बदल्यात अंगठ्याचे रुपये आणि क्रॉसवाले दोन रुपये देतो. सांगली-मिरजेत कुठंही येऊन भेटेन.